रोपण केलेले मूत्रपिंड शरीर नाकारते, तेव्हा स्टिरॉइड कधी कधी का चालत नाही?

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





विषय तुम्हीच निवडा, असे चिटणीस साहेबांनी मला सांगितले, तेव्हा मी अभ्यासाची शिस्त किंवा परीक्षेची तयारी यावर बोलेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयांवर बोलणारी माझ्यापेक्षा योग्य माणसे या व्यासपीठावर बसलेली आहेत. मी पॅथॉलॉजिस्ट. म्हणजे रोग्याच्या उशाशी बसणारा डॉक्टर नव्हे, तर रोग्याच्या शरीरातून काढलेला शेवईच्या तुकड्याएवढा मांसाचा धागा सूक्ष्मदर्शकाखाली धरून, आत काय चालले आहे ते सांगणारा डॉक्टर. तेव्हा मला जे रोज दिसते त्याबद्दलच बोलावे, आणि त्यातही जे माझ्या स्वतःच्या घरात घडले त्याबद्दल बोलावे, असे मी ठरवले.

आपल्या भागात स्टिरॉइडवर लोकांची मोठी श्रद्धा आहे. नाव माहीत नसेल, पण गोळी माहीत असते. दम्याने बेजार झालेला म्हातारा ती घेतो आणि दुसऱ्या दिवशी मशिदीच्या पायऱ्या चढतो. सांधे धरलेली बाई ती घेते आणि चार दिवसांत भाकऱ्या थापायला बसते. हा गुण खरा आहे, खोटा नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी १९४८ साली संधिवाताने जखडलेल्या एका रोग्याला कॉर्टिझोन दिले आणि तो काही दिवसांत चालू लागला. त्या कामासाठी १९५० चे नोबेल पारितोषिक हेंच व आणखी दोन शास्त्रज्ञांना मिळाले. परंतु या गुणामुळेच आपल्या मनात एक समजूत घट्ट बसली आहे, की स्टिरॉइड हे शेवटचे औषध. त्याने उतार पडला नाही तर डोस कमी पडला, आणि डोस वाढवूनही उतार पडला नाही तर नशीब. ही समजूत कुठे चुकते, ते मला सांगायचे आहे.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, हिची दोन्ही मूत्रपिंडे रक्तदाबाने निकामी झाली. दोन वर्षे डायलिसिस झाले. मग रोपण करायचे ठरले. माझा रक्तगट जुळला नाही, अम्मीचे वय झालेले. दुल्हाभाई पुढे आले. त्यांचा गट 'ओ', म्हणजे कोणालाही चालणारा. नवऱ्याने बायकोला मूत्रपिंड द्यावे ही आपल्या समाजात आजही क्वचित घडणारी गोष्ट आहे. देणाऱ्यांत बायकाच जास्त, घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे चित्र देशभर आहे. त्यामुळे दुल्हाभाईंचे आम्हां सर्वांना फार कौतुक वाटले. २००३ च्या जानेवारीत शस्त्रक्रिया झाली. मूत्रपिंड जोडताक्षणी लघवी सुरू झाली. रक्तातले क्रिएटिनिन नऊवरून पाचव्या दिवशी दीडच्या खाली आले.

क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंच्या रोजच्या झिजेतून तयार होणारा कचरा. मूत्रपिंड तो बाहेर टाकते. तो रक्तात साचू लागला, की मूत्रपिंड दमले असे समजावे. सातव्या दिवशी आपाचे क्रिएटिनिन अडीच झाले, आठव्या दिवशी चारच्या जवळ. लघवी आटली. डॉक्टरांनी सांगितले, शरीर मूत्रपिंड नाकारते आहे; आणि सर्वत्र करतात तेच त्यांनी केले. मिथाइल प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड शिरेतून, दररोज ५०० मिलिग्रॅम, लागोपाठ तीन दिवस. चौथ्या दिवशी क्रिएटिनिन पाचच्या वर गेलेले. दुल्हाभाई स्वतःच्या पोटावरची शिवण हाताने धरून वॉर्डाच्या दारात उभे होते. ते मला म्हणाले, "आणखी एक इंजेक्शन द्यायला सांग ना. पैशाची सोय मी करतो."

विद्यार्थी मित्रांनो, ते इंजेक्शन का दिले नाही, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

शरीर आपले आणि परके कसे ओळखते? आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर काही प्रथिने असतात. त्यांना एच.एल.ए. म्हणतात. ही जणू पेशीच्या दारावरची पाटी. निम्मी पाटी आईकडून येते, निम्मी वडिलांकडून. जुळी भावंडे एकाच बीजापासून झालेली असतील, तर दोघांची पाटी एकच. म्हणूनच २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिक याचे मूत्रपिंड त्याचा जुळा भाऊ रिचर्ड याला बसवले, तेव्हा ते कोणत्याही औषधावाचून चालले, आणि रिचर्ड त्यानंतर आठ वर्षे जगला. इतर सर्वांच्या बाबतीत पाटी वेगळी असते, आणि रक्तातल्या लिंफोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी ती वाचतात.

त्या केवळ वाचत नाहीत, लक्षातही ठेवतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पीटर मेडावर हे तरुण प्राणिशास्त्रज्ञ ग्लासगोच्या इस्पितळात भाजलेल्या रोग्यांवर काम करीत होते. एका भाजलेल्या तरुणीच्या अंगावर तिच्या भावाच्या त्वचेचे छोटे तुकडे लावले. काही दिवसांनी ते गळून गेले. त्याच भावाच्या त्वचेचे तुकडे पुन्हा लावले, तर ते पहिल्यापेक्षा कितीतरी लवकर नष्ट झाले. १९४३ साली मेडावर आणि त्यांचे सहकारी शस्त्रवैद्य गिब्सन यांनी हे प्रसिद्ध केले. शरीराने पहिला पाहुणा लक्षात ठेवला होता, इतकाच त्याचा अर्थ. आपाच्या गोष्टीचे मर्म याच भाजलेल्या मुलीच्या गोष्टीत आहे, ते पुढे येईलच. मेडावर यांना १९६० साली नोबेल मिळाले.

या स्मरणशक्तीच्या पेशींना आवरायचे कसे? १९६० नंतर अझाथायोप्रिन हे औषध आले, पण एकट्याने ते पुरे पडेना. रोपणानंतर आठ-दहा दिवसांनी ताप यायचा, लघवी बंद व्हायची, मूत्रपिंड सुजायचे. अमेरिकेतील डेन्व्हर येथे डॉ. थॉमस स्टार्झल यांनी अशा वेळी प्रेडनिसोन या स्टिरॉइडचे मोठे डोस दिले आणि बंद पडलेली मूत्रपिंडे पुन्हा सुरू झाली. सुरू झालेला नकार मागे फिरवता येतो, हे त्यांनी १९६३ साली जगासमोर मांडले. रोपणाची शस्त्रक्रिया प्रयोगातून उपचारात आली ती तेव्हापासून. आपल्या देशात हयात दात्याचे मूत्रपिंड यशस्वीपणे बसवले गेले ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात, १९७१ साली. तेव्हाही भरवसा याच जोडीवर होता.

आता स्टिरॉइड करते काय? त्याचा रेणू लहान आणि चरबीत विरघळणारा. त्यामुळे पेशीच्या आवरणातून तो सहज आत शिरतो. आत एक ग्राहक प्रथिन त्याची वाट पाहत असते. दोघे मिळून पेशीच्या केंद्रकात जातात आणि तिथल्या जनुकांपैकी काही बंद करतात, काही चालू करतात. बंद होतात त्यांत मुख्य म्हणजे निरोप पाठवणारी जनुके. एक लिंफोसाइट परकी पाटी वाचते आणि रासायनिक निरोप सोडते. तो निरोप ऐकून दुसऱ्या पेशी वाढतात, तिसऱ्या धावून येतात, रक्तवाहिन्या सैल होतात, सूज येते. स्टिरॉइड हा निरोपच दाबून टाकते. हुकूम मिळाला नाही की फौज जागच्या जागी थांबते, आणि मोठ्या डोसमध्ये तर पुष्कळ लिंफोसाइट मरूनही जातात. म्हणूनच त्याचा गुण एवढा झटपट दिसतो.

मात्र यात एक अट दडलेली आहे. हल्ला निरोपावर चाललेला असला पाहिजे, निरोप घेणाऱ्या पेशींनी स्टिरॉइडचे ऐकले पाहिजे, आणि मुळात तो हल्ला असला पाहिजे. या तिन्हींपैकी एक जरी खरे नसेल, तर तुम्ही तीनच्या जागी तीस इंजेक्शने द्या, काही होणार नाही. किंबहुना अपाय होईल.

असे किती वेळा होते? १९८५ साली अमेरिकेत अनेक केंद्रांनी मिळून केलेली एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात पहिल्याच तीव्र नकारात स्टिरॉइड दिलेल्यांपैकी शंभरात पंचाहत्तर रोग्यांचा नकार मागे फिरला. म्हणजे चारांतला एक फिरला नाही. दुसऱ्या गटाला ओ.के.टी.३ नावाचे, लिंफोसाइटवर थेट नेम धरणारे औषध दिले होते. त्यांत शंभरात चौऱ्याण्णव वाचले. ते औषध पुढे त्याच्या त्रासदायक परिणामांमुळे आणि त्याहून बरी औषधे आल्यामुळे २०१० च्या सुमारास बाजारातून गेले. पण त्या चाचणीने एक गोष्ट शिकवली, की स्टिरॉइड हरले म्हणजे मूत्रपिंड गेले असे नव्हे.

मग त्या चौथ्या रोग्यात काय चाललेले असते?

कधी कधी नकार नसतोच. हे सर्वांत सोपे, आणि म्हणूनच सर्वांत जास्त विसरले जाणारे कारण. मूत्रवाहिनी अडलेली असते, जुलाबाने शरीरातले पाणी कमी झालेले असते, किंवा नकार टाळण्यासाठी दिलेले टॅक्रोलिमस हेच जास्त होऊन मूत्रपिंडाला जाचत असते. कधी बी.के. नावाचा विषाणू असतो. १९७१ साली लंडनमध्ये एका मूत्रपिंडरोपण झालेल्या रोग्याच्या लघवीत तो सापडला आणि त्या रोग्याच्या नावाची आद्याक्षरे त्याला चिकटली. आपल्यापैकी बहुतेकांच्या शरीरात तो लहानपणापासून निपचित पडून असतो. प्रतिकारशक्ती दाबली की तो उठतो आणि मूत्रपिंडाच्या नलिका पोखरतो. सूक्ष्मदर्शकाखाली हे चित्र नकारासारखेच दिसते. मीही सुरुवातीच्या वर्षांत त्यात गोंधळलो आहे. परंतु उपाय अगदी उलटा. नकारात प्रतिकारशक्ती आणखी दाबायची, इथे ती मोकळी सोडायची. अशा रोग्याला कोणी आणखी एक स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले, तर त्याने विषाणूलाच मदत केली.

कधी नकार खरा असतो, पण खोल गेलेला असतो. १९९१ साली कॅनडातील बॅन्फ या डोंगरातल्या गावी जगातले काही पॅथॉलॉजिस्ट आणि रोपणतज्ज्ञ जमले आणि मूत्रपिंडाच्या तुकड्यात काय दिसले तर काय म्हणायचे, याची एक सामायिक भाषा त्यांनी ठरवली. आम्ही आजही तीच, वेळोवेळी सुधारलेली भाषा वापरतो. लिंफोसाइट नुसत्या नलिकांमध्ये आणि त्यांच्या आजूबाजूला शिरलेल्या असल्या, तर स्टिरॉइडचा गुण बहुधा येतो. त्या धमनीच्या अस्तराखाली शिरलेल्या दिसल्या, तर भरवसा धरू नये. या पेशींत पुष्कळ जुन्या, अनुभवी पेशी असतात. त्यांना कामाला लागण्यासाठी फारसे निरोप लागत नाहीत, आणि स्टिरॉइड त्यांना सहजासहजी दाबू शकत नाही. काही पेशींच्या आवरणात औषध बाहेर फेकणारे पंपही असतात. तिथे ए.टी.जी. नावाचे औषध द्यावे लागते. त्याची तयारी ऐकण्यासारखी आहे. माणसाच्या लिंफोसाइट सशाला टोचतात, ससा त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करतो, ती सशाच्या रक्तातून काढून, शुद्ध करून रोग्याला देतात. ती निरोपबिरोप पाहत नाहीत, लिंफोसाइटच संपवतात. अर्थात मग जंतूंना दार उघडे राहते, आणि आपल्या देशात तर क्षयरोगाची धास्ती कायम.

आणि कधी हल्ला पेशींचा नसतोच. तो प्रतिपिंडांचा असतो.

प्रतिपिंड म्हणजे रक्तात फिरणारे प्रथिन, एका ठरावीक परक्या पाटीलाच चिकटणारे. लिंफोसाइटच्याच एका जातीपासून पुढे तयार झालेल्या पेशी ते बनवतात, आणि या पेशी हाडांच्या मगजात वर्षानुवर्षे मुक्काम करून राहतात. स्टिरॉइड त्यांच्या केसालाही धक्का लावत नाही म्हटले तरी चालेल. शिवाय जे प्रतिपिंड रक्तात आधीच उतरले आहे, त्याला स्टिरॉइड काय करणार? धनुष्यातून बाण सुटून गेला, आणि आपण धनुर्धराला थांब म्हणत राहिलो, तशातली गत. ते प्रतिपिंड नव्या मूत्रपिंडाच्या केशवाहिन्यांना चिकटते, रक्तातली पूरक प्रथिने तिथे ओढून आणते, आणि केशवाहिन्यांचे अस्तर जाळत जाते.

या धोक्याकडे जगाचे लक्ष वेधले ते लॉस एंजेलिसचे पॉल तेरासाकी यांनी. जपानी वंशाचा हा अमेरिकन मुलगा महायुद्धाच्या काळात घरच्यांसह अमेरिकन सरकारच्या छावणीत डांबला गेला होता. पुढे तो मेडावर यांच्याच प्रयोगशाळेत एक वर्ष शिकला. १९६९ साली तेरासाकी आणि त्यांचे सहकारी पटेल यांनी एक साधी तपासणी मांडली. घेणाऱ्याच्या रक्तातला द्रव आणि देणाऱ्याच्या लिंफोसाइट रोपणाआधीच एकत्र करा. पेशी मेल्या, तर घेणाऱ्याच्या रक्तात विरोधी प्रतिपिंडे आहेत. ज्या ३० रोपणांत ही तपासणी विरुद्ध आली होती, त्यांपैकी २४ मूत्रपिंडे लगेच गेली. विरुद्ध न आलेल्या १९५ पैकी फक्त ८. याच तपासणीला आपण क्रॉसमॅच म्हणतो, आणि मूत्रपिंडरोपणाआधी ती करण्याची पद्धत रूढ झाली.

आपाचीही क्रॉसमॅच झाली होती. ती स्वच्छ आली होती.

चौथ्या दिवशी बायॉप्सी झाली. मी त्या इस्पितळाचा नव्हतो, पण माझा पेशा पाहून तिथल्या पॅथॉलॉजिस्टने मला काच पाहू दिली. धमनीत काही नव्हते. नलिकांत लिंफोसाइट अगदी थोड्या. एवढ्याशा नकाराने लघवी बंद होत नाही. मात्र केशवाहिन्यांत पांढऱ्या पेशी दाटून बसलेल्या होत्या. मग सी४डीची तपासणी लावली. पूरक प्रथिनाचा हा एक तुकडा. प्रतिपिंडाने जिथे काम केले, तिथे तो घट्ट चिकटून राहतो. प्रतिपिंड निघून गेले तरी खूण मागे राहते. जर्मनीतील संशोधकांनी १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्याचा अर्थ लावून दिला, नाही तर आम्ही अजूनही अंधारात चाचपडत असतो. अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, आणि प्रत्येक केशवाहिनीभोवती हिरवी, चमकणारी कडी दिसली. एक नाही, दोन नाही, सगळीकडे. दिसायला फार सुंदर दिसते ते. मी खुर्चीवरून काही वेळ उठलो नाही.

प्रतिपिंडे आली कुठून? आपाचे हे पहिलेच रोपण. इथे ती भाजलेली मुलगी आठवा. परकी पाटी शरीराला रोपणातूनच दिसते असे नाही. दुसऱ्याचे रक्त चढवले तर त्यातल्या पांढऱ्या पेशींमुळे दिसते. आणि गरोदरपणात दिसते. पोटातल्या बाळाची निम्मी पाटी बापाची असते. बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात मिसळतात, विशेषतः बाळंतपणाच्या वेळी. सगळ्याच आयांमध्ये नव्हे, पण बऱ्याच जणींत त्यामुळे बापाच्या पाटीविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. खेपा वाढतील तशी शक्यता वाढते. आईला किंवा बाळाला त्याचा सहसा काही त्रास होत नाही. वर्षे लोटली की ही प्रतिपिंडे कमी कमी होत जुन्या क्रॉसमॅचला सापडेनाशी होतात. स्मरण मात्र राहते. आपाला तीन मुले. तिच्या शरीराला दुल्हाभाईंची पाटी वीस वर्षांपासून माहीत होती.

हे मी दुल्हाभाईंना समजावून सांगितले, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे दुसऱ्या कोणाचे चालले असते, माझेच नाही?" मी म्हटले, तसेच काही नाही, पण धोका तुमच्यात जास्त होता.

आता जी गोष्ट सांगतो ती सांगावी की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. रोपणाआधी एक फॉर्म भरायचा असतो. पूर्वी रक्त चढवले होते का, किती गरोदरपणे झाली, गर्भपात झाला होता का. तो फॉर्म मी भरला. मी डॉक्टर, भाऊ, घरातला शिकलेला माणूस. आपा शेजारच्या खोलीत बसलेली होती. मी तिला विचारले नाही. गरोदरपणे तीन, गर्भपात नाही, रक्त नाही, असे लिहून मोकळा झालो. बायॉप्सीनंतर तिच्या खाटेजवळ बसून मी पहिल्यांदा विचारले. तिसऱ्या बाळंतपणात तिचे फार रक्त गेले होते आणि तालुक्याच्या दवाखान्यात दोन बाटल्या रक्त चढवले होते. त्याआधी एक मूल चौथ्या महिन्यात गेले होते. अम्मीला माहीत होते, सासूला माहीत होते. मला माहीत नव्हते. "मला कोणी विचारलंच नाही," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

मी खरे लिहिले असते तर रोपण झालेच नसते असे नाही. पण डॉक्टरांनी आणखी बारीक तपासणी मागवली असती, सुरुवातीपासून ए.टी.जी. दिले असते, आणि क्रिएटिनिन वाढताच पहिले तीन दिवस स्टिरॉइडवर न घालवता बायॉप्सी केली असती. ते तीन दिवस केशवाहिन्या जळत होत्या.

आपाला पुढे जे उपचार केले ते ऐका म्हणजे फरक लक्षात येईल. एक दिवसाआड, असे पाच वेळा तिचे रक्त यंत्रातून फिरवून त्यातला प्लाझ्मा, म्हणजे प्रतिपिंडे वाहून नेणारा द्रव, काढून टाकला आणि त्याजागी दुसरा द्रव घातला. प्रत्येक वेळेनंतर निरोगी दात्यांच्या रक्तातून काढलेले इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून दिले. तिसऱ्या वेळेनंतर लघवी वाढली. महिन्याभरात क्रिएटिनिन दोनच्या खाली स्थिरावले. दीडच्या खाली ते पुन्हा कधी गेले नाही. जो भाग जळून त्याजागी वण धरला होता, तो कोणत्याच औषधाने परत येणार नव्हता. आणि वण धरलेल्या मूत्रपिंडाला स्टिरॉइड देणे म्हणजे विझलेल्या चुलीवर पाणी ओतणे.

विद्यार्थी मित्रांनो, विशेषतः आठवी ते बारावीतल्या मुला-मुलींनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. प्रतिपिंडे रोपणानंतरही नव्याने तयार होतात, आणि त्याचे एक मोठे कारण म्हणजे गोळ्या चुकवणे. हे वय त्यात सर्वांत पुढे आहे. स्टिरॉइडने चेहरा गोल होतो, मुरमे येतात, मुलगी आरशात पाहते आणि गोळ्या खिडकीबाहेर टाकते. मला त्या मुलीचा राग येत नाही. पण दोन-तीन वर्षांनी तिची बायॉप्सी माझ्यासमोर येते आणि त्यात हिरव्या कड्या असतात, तेव्हा डॉक्टरांच्या हातात फारच थोडे उरलेले असते. घरात असे मूल असेल तर त्याला रागावण्याऐवजी गोळीबद्दल त्याला काय वाटते ते विचारा, आणि ते डॉक्टरांच्या कानावर घाला. डोस कमी करण्याचा किंवा औषध बदलण्याचा मार्ग बहुधा निघतो.

पालकांपैकी कोणाच्या घरी रोपणाचा प्रसंग आला, तर आज परिस्थिती २००३ पेक्षा पुष्कळ सुधारलेली आहे. जुन्या क्रॉसमॅचला न दिसणारी प्रतिपिंडे आता सूक्ष्म मण्यांच्या तपासणीत, कोणत्या पाटीविरुद्ध आहेत त्यासह, कळतात. बायकोच्या रक्तात नवऱ्याविरुद्ध प्रतिपिंडे निघाली, तर तशाच अडचणीतल्या दुसऱ्या कुटुंबाशी अदलाबदल करता येते. त्यांचा दाता आपल्याला, आपला त्यांना. १९९४ च्या अवयवरोपण कायद्यात २०११ साली दुरुस्ती होऊन याला मान्यता मिळाली आहे. फॉर्म भरताना मात्र घरातल्या बाईला एकटीला विचारा. मुले किती, एवढेच नव्हे. गेलेली किती, रक्त चढवले का, कुठे, केव्हा. दिरासमोर, भावासमोर ती सांगणार नाही. नर्सबाईंना विचारायला सांगा. आणि नकार म्हणून स्टिरॉइड दिले, उतार पडला नाही, तर आणखी इंजेक्शनचा आग्रह धरू नका. बायॉप्सी केव्हा करणार, आणि त्यात काय दिसले, हे विचारा. हे विचारण्याचा तुम्हांला हक्क आहे, आणि चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

आपाचे ते मूत्रपिंड अकरा वर्षे चालले. या काळात तिन्ही मुलांची लग्ने झाली. २०१४ साली ते थकले आणि ती पुन्हा डायलिसिसवर गेली. आता आठवड्यातून तीन दिवस सकाळी सून तिला रिक्षाने घेऊन जाते, आणि तिथल्या नव्या रोग्यांना कोणता पंखा चालतो आणि कोणता नाही, ते आपा सांगते. दुल्हाभाई एका मूत्रपिंडावर उत्तम आहेत. परवाच आंबे उतरवायला माणसे मिळत नाहीत म्हणून फोनवर माझ्याशी भांडले.

 अर्धा तास प्रश्नांसाठी ठेवलेला आहे. भगिनींपैकी कोणाला सर्वांसमोर विचारायचे नसेल, तर चिठ्ठीवर नाव न लिहिता प्रश्न लिहून बाईंकडे द्यावा.